तिसरं चित्र

१

तक्रार दोन ओळींची होती आणि सहीच्या जागी ‘एक वाचक’ एवढंच होतं.

‘गेल्या अंकात भाजलेल्या त्वचेवरच्या लेखातलं पहिलं आणि तिसरं चित्र एकच आहे. तिसरं फक्त फिरवून लावलं आहे.’

संपादकांनी अंक काढला, पान उलटं धरलं आणि पहिल्या चित्राशी ताडून पाहिलं. ठिपका न् ठिपका जुळत होता. पहिल्याखाली लिहिलं होतं ‘उपचार न केलेली त्वचा’ आणि तिसऱ्याखाली ‘नव्या लेपानंतरची त्वचा’. दोन वेगळ्या गोष्टी म्हणून एकच फोटो छापला गेला होता. संशोधनाच्या नियतकालिकात याला बनावट म्हणतात, आणि बनावट सापडली की लेख मागे घेतात. ‘हा लेख आम्ही मागे घेत आहोत’ असं निवेदन छापलं जातं, त्याखाली लेखकाचं नाव असतं आणि ते नाव मग जन्मभर त्याच्या मागे फिरतं.

निवेदन तयार झालं. पानावर चढलं. अंक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. तेवढ्यात संपादकांचं मन खायला लागलं आणि त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

“ताई, मोकळी आहेस?”

“निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारू नये. तो खोटंच बोलतो. काय झालं?”

त्यांनी सांगितलं. लेख लिहिणारी मुलगी म्हणते, मी असलं काही केलेलं नाही. भाजलेल्या रुग्णांच्या रुग्णालयात तिची संशोधक म्हणून निवड झाली आहे, सोमवारी रुजू व्हायचंय. रुग्णालयाने कळवलंय, निवेदन छापलं गेलं तर येऊ नका.

“मग चौकशी समिती नेम.”

“नेमली होती. दोघांनी दहा मिनिटं चित्र पाहिलं आणि दोषी म्हणून मोकळे झाले. तिच्याशी कोणी बोललंच नाही. तू आयुष्यभर एक्स-रे वाचलेस. एक दिवस दे.”

“मी तुझी सख्खी बहीण. चौकशी करणारा नात्यातला नसावा, असं तुझ्याच धोरणात लिहिलेलं असणार.”

“लिहिलंय. पण एका दिवसात दुसरं कोणी येत नाही. आणि लहानपणापासून प्रत्येक भांडणात तू माझ्याविरुद्धच साक्ष दिलीयेस.”

“प्रत्येक वेळी चूक तुझी होती.”

“म्हणून तर फोन केला.”

“एका अटीवर. अहवालाच्या पहिल्या ओळीत छापायचं, की चौकशी करणारी बाई संपादकांची बहीण आहे.”

“पहिल्या ओळीत?”

“पहिल्या. तळाशी बारीक अक्षरात नाही.”

२

नियतकालिकाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट स्वतःच्या मर्जीने चालायची. त्या दिवशी मर्जी नव्हती. ताई जिना चढून वर आल्या आणि दम खात व्हरांड्यात थांबल्या.

समोर लांबलचक फळा होता. नव्या अंकाची पानं त्यावर ओळीने चिमट्यांनी अडकवलेली. ताई सवयीने एकेक बघत गेल्या. एका पानाशी थबकल्या. ‘संस्थेचे नवे अध्यक्ष’ असा मथळा होता आणि खाली एक टक्कल पडलेले, मिशाळ गृहस्थ खाली डोकं वर पाय करून हसत होते. ताईंनी मान वाकडी करून पाहिलं. अध्यक्षांवर कोणाचा तरी राग दिसतो, असं मनाशी म्हणून त्या पुढे झाल्या. दूर टोकाला निवेदनाचं पान होतं. त्यात मुलीचं नाव ठळक अक्षरांत होतं.

“ते पान अजून गोपनीय आहे,” मागून आवाज आला.

“फळ्यावर लावलेलं?”

“या मजल्यापुरतं गोपनीय.”

हे चिटणीस. अंगकाठी बारीक, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना ‘रीतसर’ म्हणत, कारण हा शब्द नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले.

“इथलं काम कसं चालतं, तेवढं सांगा,” ताई म्हणाल्या.

चिटणिसांचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारला नसावा. “लेख आला की त्यावरचं नाव मी काढतो आणि नंबर घालतो. तो तपासणाऱ्या तज्ज्ञाला लेखक कोण ते कळत नाही. लेखकाला तज्ज्ञ कोण ते कळत नाही. असं बऱ्याच ठिकाणी करतात. पण आमच्याकडे पानं मांडणाऱ्यालासुद्धा कळत नाही. नाव अगदी शेवटच्या दिवशी चढतं, माझ्या हाताने. तोवर या मजल्यावर माणसं नसतात, नंबर असतात.”

“आणि नाव असलेलं काही मधेच आलं तर?”

“ते बंद करून कपाटात. किल्ली माझ्याकडे, उघडायची परवानगी संपादकांकडे. रीतसर.”

“बरं. या लेखातलं तिसरं चित्र?”

“ते आलं तेव्हा अंधुक होतं. तज्ज्ञांनी लिहिलं, लेख उत्तम आहे, फक्त तिसरं चित्र स्वच्छ हवं. त्या अटीवर आम्ही लेख स्वीकारला.”

“मग स्वच्छ चित्र कधी आलं?”

चिटणीस खिडकीबाहेर बघत म्हणाले, “रीतसर काही आलं नाही.”

“आलंच नाही?”

“दप्तरी नोंद नाही. मात्र लेखाबद्दल लेखिकेच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांची संमती आली, ‘ठीक आहे’ अशी. आणि पानावर स्वच्छ चित्र दिसत होतं. तेव्हा ते परस्पर पोचलं असणार असं धरून मी पान पुढे सोडलं.”

“परस्पर कोणी पोचवलं?”

“ते मी बघत नाही, ताई. मी नियम बघतो.”

म्हणजे चित्र मागवलं गेलं होतं, छापलंही गेलं होतं, पण ते या मजल्यावर कोणी आणलं हे मजल्यावरच्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

३

“यात विचार करण्यासारखं काय आहे?” संपादक म्हणाले. “चित्र अंधुक होतं. स्वच्छ मागितलं. तिच्याकडे नव्हतं. मग पहिलंच फिरवून दिलं ठोकून.”

ताई उठल्या. अंक खिडकीशी नेला, भिंग काढलं. एक्स-रे हातात आला की तो सुलटा धरलाय ना हे आधी बघायचं, ही त्यांची पहिल्या नोकरीपासूनची सवय. या चित्रांत सुलटं-उलटं कळायला काही मार्गच नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर पेशींची नक्षी, मधूनच हिरवे ठिपके. वरून बघा की खालून, आभाळच.

“हे हिरवे ठिपके म्हणजे?”

“नव्या, वाढणाऱ्या पेशी. विशिष्ट रंग घातला की त्या चमकतात. जेवढे ठिपके जास्त, तेवढी जखम भरतेय.”

“पहिल्या चित्रात जेमतेम चार-दोन आहेत.”

“असणारच. तिथे लेप लावलेला नाही.”

“आणि तिसऱ्यात?”

“तेच चित्र आहे म्हटल्यावर तेवढेच…” संपादकांचं वाक्य अर्धवट राहिलं.

“आत्ता कसं बोललास,” ताई म्हणाल्या. “लेपाने जखम भरते, असं तिला दाखवायचंय. मग लेपानंतरची त्वचा म्हणून ती ठिपके नसलेलं चित्र कशाला लावेल? खोटंच करायचं तर दुसरं चित्र आहे, चौथं आहे, दोन्हींत भरपूर ठिपके आहेत. त्यातलं घ्यायचं. हा कसला चोर? स्वतःच्याच घरात शिरून स्वतःचीच भांडी बाहेर फेकणारा?”

“घाईत चुकलं असेल.”

“बरं, घाई. मग दुसरं बघ. लबाडी करणारा माणूस चित्र थोडं कापतो, थोडं मोठं करतो, रंग बदलतो. निदान दहा-वीस अंश तिरकं करतो. इथे काहीच केलेलं नाही. सरळ डोक्यावर उभं केलंय, बस. ज्याने हे लावलं त्याला लपवायचं नव्हतं.”

“मग काय करायचं होतं?”

“ते मला अजून कळलेलं नाही. ते पान छापखान्यात कोणी सोडलं?”

“मी आणि चिटणिसांनी. मांडणीकाराचं तेव्हा अचानक ऑपरेशन झालं होतं, हर्नियाचं. तो रजेवर होता.” संपादकांनी टाय सैल केला. “एक मात्र शोधून दे. तक्रार करणारा कोण? तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकीच कोणी असणार. समोर यायला काय झालं?”

“ते मी शोधणार नाही आणि तूही शोधायचं नाहीस. त्याने चित्र एकच आहे म्हटलं आणि ते एकच आहे. तिला दोषी तुम्ही ठरवलंत, त्याने नाही.”

४

प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं होती की भिंतीचा रंग सांगता आला नसता. लेखावर शेवटचं नाव त्यांचं होतं आणि पत्रव्यवहारासाठी पत्ताही त्यांचाच.

“फार वाईट झालं, मॅडम,” ते म्हणाले. “हुशार मुलगी. पण हल्लीची मुलं घाई करतात. मी विश्वास ठेवला.”

“लेख छापण्याआधी पानं तुमच्याकडे आली होती?”

“येतात ना. नेहमी येतात.”

“तुम्ही ‘ठीक आहे’ कळवलंत.”

“हो. म्हणजे ठीकच होतं.”

ताईंनी अंक त्यांच्यापुढे उघडून ठेवला. “या तिसऱ्या चित्रात नव्या पेशी कुठे दिसतात, जरा दाखवता? माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत.”

सरांनी चष्मा लावला. बोट पुढे नेलं. ते चित्रावर एका कडेला टेकलं, तिथून मधे आलं, वर गेलं आणि शेवटी हवेतच राहिलं.

“छपाई जरा…” ते म्हणाले.

“छपाई चांगली आहे. हे चित्र तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय का?”

बाहेर कोणीतरी दार वाजवलं. सर मोठ्याने “ठीक आहे” म्हणाले. दार वाजवणाऱ्याने काही विचारलेलं नव्हतं.

“तिचं मूळ चित्र कुठे मिळेल?” ताईंनी विचारलं.

“सूक्ष्मदर्शकाचा कॉम्प्युटर मधे बंद पडला. दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं. आणि या रंगाच्या काचपट्ट्या थोड्याच दिवसांत विझतात, पुन्हा फोटो काढून उपयोग नाही.” त्यांनी हात पसरले. “खरं सांगतो मॅडम, तिच्या बाजूने दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही.”

“तुमच्या बाजूने तरी काय उरलंय?” ताई उठता उठता म्हणाल्या. “नाव तुमचंही आहे लेखावर.”

सरांनी पुन्हा अंकाकडे पाहिलं. या वेळी मात्र बराच वेळ पाहिलं.

५

दार सासूबाईंनी उघडलं. खांद्यावर बाळ आणि चेहऱ्यावर पहारा.

“चौकशीवाल्या ना तुम्ही? आधी माझं ऐका. सुनेने खोटं केलं असेल तर मीच तिला बोलेन, तुमची गरज नाही. पण दूध तापत ठेवलं तरी घड्याळ लावणारी बाई आहे ती. बाळाच्या बाटलीवर वेळ लिहिते. मी म्हटलं, अगं मूल आहे, प्रयोग नाही. अशा बाईला खोटं करायचं म्हटलं तर त्याचंही वेळापत्रक करावं लागेल.”

“आई, त्यांना आत तर येऊ द्या,” आतून आवाज आला.

मुलगी रडलेली दिसत नव्हती. चिडलेली होती आणि ते ताईंना बरं वाटलं. वाळत घातलेल्या दुपट्यांमधून वाट काढून दोघी खिडकीशी बसल्या.

“मॅडम, मला एकच प्रश्न आठ दिवस छळतोय. मी दिलेलं चित्र कुठे गेलं?”

“तू दिलं होतंस?”

“म्हणजे काय! मेलवर जाईना, खूप मोठं होतं. पेन ड्राइव्हवर घातलं आणि स्वतः नेऊन दिलं. नववा महिना, लिफ्ट बंद. तीन मजले चढताना बाळ आतून लाथा मारत होतं.”

ताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “कोणाच्या हातात दिलंस?”

“एक गृहस्थ होते. गळ्यापर्यंत बटण. त्यांनी घेतला, उलटून पाहिला, वर चिकटवलेलं माझं नाव वाचलं आणि तोंड असं केलं, जसं काही मी त्यांना लाचच देतेय. आमच्या प्रयोगशाळेत पेन ड्राइव्ह अदलाबदल होतात म्हणून सगळे नाव चिकटवतो. मी म्हटलं, यात स्वच्छ चित्र आहे. ते म्हणाले, ‘मी आपल्याला पाहिलेलं नाही.’ आणि आत गेले.”

“समितीला हे सांगितलं नाहीस?”

“समिती भेटली कुठे? मेल आली फक्त. उत्तरात मी लिहिलं, ‘चित्र दिलं होतं.’ त्यांनी सरांना विचारलं, सर म्हणाले कल्पना नाही. ऑफिस म्हणालं नोंद नाही. झालं.”

“छापण्याआधी पानं पाहिलीस?”

“पानं सरांकडे गेली. मी तेव्हा बाळंत होत होते.”

सासूबाई मधे बोलल्या. “त्या पेन ड्राइव्हची दुसरी प्रत नाही का गं?”

“नाही, आई. कॉम्प्युटर पुसला तेव्हा मी इस्पितळात होते. एवढी एकच.”

ताई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या कानात चिटणिसांचं सकाळचं वाक्य वाजत होतं. रीतसर काही आलं नाही, म्हणाले होते. खिडकीबाहेर बघत. म्हणजे तो माणूस एक तर सरळ खोटं बोलला होता, किंवा अगदी काटेकोर खरं.

पण पेन ड्राइव्ह चिटणिसांनी दडपला असला, तरी त्या जागी उलटं चित्र लावलं कोणी?

६

लिफ्ट आता चालू होती. ताई व्हरांड्यात आल्या आणि तडक चिटणिसांच्या खोलीकडे निघाल्या. फळ्यापाशी मात्र त्यांचे पाय आपोआप थांबले.

अध्यक्ष सरळ झाले होते.

नुसते सरळ नाही, बदललेही होते. टक्कल नव्हतं, मिशा नव्हत्या. दाट पांढऱ्या केसांचा वेगळाच माणूस त्याच मथळ्याखाली हसत होता.

फळ्याशी एक ठेंगणा माणूस हातात चिमटे घेऊन पानं लावत होता. खाली वाकताना एक हात पोटावर धरायचा. हर्नियाचं ऑपरेशन झालेला मांडणीकार तो हाच.

“सकाळी इथे दुसरे कोणी होते,” ताई म्हणाल्या. “खाली डोकं वर पाय.”

मांडणीकार हसला. “ते जुने अध्यक्ष, ताई. नव्या साहेबांचा फोटो आत्ता दुपारी आला. तोवर जागा धरून ठेवायला हाताशी असेल तो फोटो लावतो.”

“आणि उलटा का?”

“मुद्दाम. म्हणजे चुकून छापला जायला नको. मी आधी सिनेमाच्या साप्ताहिकात होतो, तिथली रीत. सरळ लावला तर कोणाचं लक्ष जात नाही, भलताच हीरो छापून येतो. डोक्यावर उभा माणूस दिसला की फरशी पुसणारासुद्धा ओरडतो, अहो हे काय! एकदाही गफलत झाली नाही.”

ताईंनी पिशवीतून अंक काढला. लेख उघडला आणि तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

“हा डोक्यावर उभा आहे का बघा बरं.”

मांडणीकाराने पाहिलं. मग अंक हातात घेतला, फिरवला, पहिल्या चित्राकडे पाहिलं. पोटावरचा हात तसाच राहिला.

“हे मी लावलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “स्वच्छ चित्र येणार होतं म्हणून. त्याच लेखातलं पहिलं घेतलं, उलटं केलं, जागा धरली. त्याच संध्याकाळी पोटात कळ आली आणि मला थेट इस्पितळातच नेलं. परत आलो तेव्हा अंक निघालेला. मला वाटलं, चित्र आलं असेल, संपादकसाहेबांनी बदललं असेल.” त्याने मान वर केली. “पण कोणी ओरडलं कसं नाही?”

“पेशींना डोकं कुठे असतं?” ताई म्हणाल्या.

तो फळ्याला टेकला. “या चित्रावरून काही झालंय का? कोणी काही बोलत नाही इथे. ते टोकाचं निवेदन… ते यासाठी?”

“तुम्हाला कोणीच विचारलं नाही?”

“मला तर लेखाचा नंबरच माहीत असतो, ताई. निवेदनात फक्त लेखिकेचं नाव होतं. हा तोच लेख आहे हे मला आत्ता कळतंय.”

ताईंनी घड्याळ पाहिलं. छापखान्याची गाडी यायला फार वेळ नव्हता. आणि मांडणीकाराच्या बोलण्याने आरोप पडला असला, तरी लेख तरला नव्हता. तिसरं चित्र जगात कुठे आहे की नाही, ते एकाच माणसाला माहीत होतं.

७

संपादकांच्या खोलीत चिटणीस उभे होते. ताईंचा फोन गेल्यावर मुलगी धापा टाकत आली होती, मागोमाग बाळाला घेऊन सासूबाई. ताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“चिटणीस, सकाळी तुम्ही म्हणालात, रीतसर काही आलं नाही.”

“तसंच म्हणालो.”

“रीत सोडून काय आलं?”

चिटणिसांनी बटणाला हात लावला. मुलीकडे पाहिलं नाही. “एक वस्तू आली. तिच्यावर लेखिकेचं नाव होतं. लेखिका स्वतः घेऊन आल्या, जे त्यांनी करायला नको होतं. नाव असलेली वस्तू मी मांडणीच्या खोलीत नेऊ शकत नव्हतो. पाकिटात घातली, कपाटात ठेवली. आणि त्याच दिवशी प्रमुखांना मेल केली, की चित्र नावाशिवाय, रीतसर मार्गाने पाठवा. त्यांचं उत्तर आलं.”

“काय?”

“‘ठीक आहे.’”

सासूबाई पुटपुटल्या, “याच्या तोंडात दुसरा शब्द घाला रे कोणी.”

“आणि पानावर चित्र दिसलं तेव्हा त्यांनी पाठवलं असं वाटलं तुम्हाला,” ताई म्हणाल्या. “पण तक्रार आली, गदारोळ झाला. तेव्हा तरी सांगायचं!”

“पाकिटात काय आहे ते मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल साक्ष कशी देऊ? आणि तक्रार गोपनीय होती. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.” त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. “मी रोज त्या कपाटासमोरून जात होतो. मला झोप लागत नव्हती. पण नियमात त्यासाठी जागा नव्हती, ताई.”

संपादकांनी खुर्ची मागे सारली. “उघडा. मी परवानगी देतो.”

“लेखिकेचीही संमती लागेल.”

“दिली, दिली, दिली!” मुलगी म्हणाली.

“एकदा पुरे,” चिटणीस म्हणाले आणि किल्ली काढली.

पाकीट तसंच चिकटवलेलं होतं. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावताना संपादकांच्या हातून दोनदा चुकीच्या बाजूने गेला. मग पडद्यावर एक फाईल आली. उघडायला इतका वेळ घेत होती की सासूबाईंनी बाळाची कुंची नीट केली, पुन्हा सोडली, पुन्हा नीट केली.

आणि पडदा हिरवा झाला.

ठिपकेच ठिपके. जखमेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाटीवाटीने चमकणारे. ताईंनी आयुष्यात तुटलेली हाडं भरपूर पाहिली होती, पण भरून येणारी त्वचा इतकी देखणी असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सवयीने विचारलं, “हे सुलटं आहे ना?”

मुलगी हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग मात्र तिला हसू की रडू ते कळेनासं झालं. “कसंही धरा, मॅडम. कसंही धरा.”

“काढलं कधी, तेही फाईलवर आहे,” संपादक पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले. “लेख पाठवल्यानंतर, आमची मागणी गेल्यावर.” त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला, बरेच दिवस आत धरून ठेवल्यासारखा. मग फोन उचलला. “मांडणी? ते निवेदनाचं पान फाडा. हो, फाडा. त्या जागी दुरुस्ती जाणार. ‘चूक नियतकालिकाची, लेखिकेची नव्हे.’ पहिल्या वाक्यात. आणि तिसरं चित्र येतंय, या वेळी खरं. गाडी आली तर थांबवून ठेवा. त्यांना चहा द्या, गप्पा मारा, काय वाटेल ते करा.”

व्हरांड्यातून कागद फाटल्याचा मोठा, समाधानी आवाज आला.

मुलीने तिथूनच रुग्णालयाला फोन लावला. पलीकडून कोणी काय बोललं ते कळलं नाही. ती फक्त “हो” म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, “सोमवारी येते. बाळाला आई सांभाळतील.”

“विचारलंस मला?” सासूबाई म्हणाल्या.

“सांभाळाल ना?”

“न सांभाळून सांगते कोणाला. बाटल्यांवर वेळ मात्र मी लिहिणार नाही.”

चिटणीस पुढे आले. पेन ड्राइव्ह त्यांनी दोन्ही हातांनी मुलीपुढे धरला. “हा परत घ्या. आणि…” इथे त्यांना नेहमीचा शब्द सापडेना. त्यांनी वरचं बटण काढलं. “तुम्ही तीन मजले चढून आला होतात. मी खुर्चीसुद्धा दिली नाही. चुकलं माझं.”

“आज लिफ्ट चालू आहे, काका,” ती म्हणाली. “चालायचंच.”

सगळे पांगले. ताई तिथेच बसून अहवाल लिहू लागल्या. सवयीप्रमाणे थोडक्यात, विशेषणांशिवाय. मांडणीकाराने यापुढे रिकाम्या जागी चित्र लावू नये, करडी चौकट ठेवावी आणि तिच्यात ‘चित्र यायचं आहे’ असं लिहावं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी लेखात आपलं काम नेमकं कोणतं, ते लेखी कळवावं. उत्तरात ‘ठीक आहे’ चालणार नाही. गोपनीयता तक्रारदाराचं नाव राखण्यासाठी असते, माहिती असलेल्या माणसाला न विचारण्यासाठी नाही. आणि आरोप ज्याच्यावर आहे त्याला भेटल्याशिवाय निकाल देऊ नये. लेखिकेशी न बोलता निवेदन पानावर चढवण्याची जबाबदारी सर्वस्वी संपादकांची.

संपादक खांद्यावरून वाचत होते. “सर्वस्वी?”

“कमी पडतंय का?”

“नाही, पुरतंय.” ते हसले, कितीतरी दिवसांनी. “पुन्हा माझ्याच विरुद्ध साक्ष.”

“पहिली ओळ वाच,” ताई म्हणाल्या. “कारण दिलंय तिथे.”

पहिली ओळ अशी होती: ‘ही चौकशी करणारी व्यक्ती संपादकांची सख्खी थोरली बहीण आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.’